लोप पद्धतीने एकसामयिक समीकरणं सोडवणं: पहिल्या बेरजेपासून तीन चलांपर्यंत

४क्ष + ३य = २३ हे समीकरण एकटं असेल तर त्याला हवी तेवढी उत्तरं मिळतात. क्ष = ५, य = १ चालतं; क्ष = २, य = ५ चालतं; क्ष = −१, य = ९ सुद्धा चालतं. याच क्ष आणि य बद्दल दुसरी अट मिळाली, की या साऱ्या जोड्यांमधून बहुतेक वेळा एकच जोडी उरते. ती शोधायची कशी? प्रत्येक अटीत दोन्ही चलं एकमेकांत गुंतलेली असतात, म्हणून थेट उत्तर दिसत नाही. लोप पद्धतीत दोन समीकरणं अशी एकत्र करायची की एक चल उडून जाईल आणि एकाच चलाचं साधं समीकरण हाती राहील.

पायऱ्या सोप्या आहेत आणि आठवड्याभरात पाठही होतात. पण प्रत्येक पायरी का चालते हे कळलं नाही, तर गणित जरा वेगळ्या वेशात आलं की हात थांबतो. म्हणून या लेखात रीत आणि कारण बरोबरच घेऊ.

बेरीज करायची परवानगी कुठून येते?

४क्ष + ३य = २३ ……(१)
७क्ष − ३य = −१ ……(२)

दोन्हींत य चा सहगुणक ३ आहे, चिन्हं मात्र विरुद्ध आहेत. डाव्या बाजूला डावी आणि उजव्या बाजूला उजवी मिळवली, की

११क्ष = २२, म्हणून क्ष = २.

ही किंमत (१) मध्ये ठेवली: ८ + ३य = २३, म्हणजे ३य = १५, य = ५. उकल (२, ५).

दोन वेगळी समीकरणं मिळवणं योग्य कसं? समीकरण (२) सांगतं की ७क्ष − ३य आणि −१ या एकच संख्या आहेत. म्हणजे (१) च्या दोन्ही बाजूंत आपण एकच संख्या मिळवली. डावीकडे ती ७क्ष − ३य या रूपात, उजवीकडे −१ या रूपात. समान संख्यांत समान संख्या मिळवली तर समानता मोडत नाही. सगळी पद्धत या एका वाक्यावर उभी आहे.

यात आणखी एक गोष्ट आहे, जी शिकवताना बहुतेक वेळा राहून जाते. ११क्ष = २२ मिळाल्यावर (१) आणि (२) दोन्ही टाकून देता येत नाहीत, कारण नव्या समीकरणाला य बद्दल काहीच माहीत नाही. जुन्यांपैकी एक तरी जवळ ठेवावं लागतं. (१) आणि नवं समीकरण हाताशी असेल, तर नव्यातून (१) वजा करून (२) परत मिळवता येतं. म्हणजे कोणतीही माहिती हरवलेली नाही. दर पायरीला हाच प्रश्न विचारावा: इथून मागे जाता येईल का? समीकरणाला ३ ने गुणलं तर ३ ने भागून मागे येता येतं. शून्याने गुणलं तर परतीचा रस्ता बंद होतो, म्हणून शून्याने गुणायचं नाही.

वजाबाकी करताना

६क्ष + ५य = ८ ……(१)
६क्ष − २य = २२ ……(२)

इथे क्ष चे सहगुणक चिन्हासकट सारखे आहेत, म्हणून (१) मधून (२) वजा करायचं. ५य मधून −२य वजा केले की ५य + २य = ७य, आणि उजवीकडे ८ − २२ = −१४. म्हणून ७य = −१४, य = −२. मग ६क्ष − १० = ८, क्ष = ३.

लोप पद्धतीत सर्वाधिक चुका याच एका जागी होतात: ५य − (−२य) चं घाईत ३य होतं. यावर माझा ठाम सल्ला आहे. हात बसेपर्यंत वजाबाकी करूच नका. दुसऱ्या समीकरणातल्या प्रत्येक पदाचं चिन्ह बदलून ते पुन्हा स्वच्छ लिहा, −६क्ष + २य = −२२, आणि मग बेरीज करा. एक ओळ जास्त लिहावी लागते, पण चिन्हांची सगळी जोखीम त्या एका ओळीत येते आणि तिथे नजर ठेवणं सोपं जातं. जुन्या चिन्हाखाली बारीक अक्षरात नवं चिन्ह लिहिण्याची सवयही पुष्कळांना असते. तिच्यात खालचं चिन्ह धरायचं की वरचं, हा गोंधळ उजव्या बाजूपर्यंत पोहोचेस्तोवर हमखास होतो.

सहगुणक जुळत नसतील तेव्हा

४क्ष + ९य = ३० ……(१)
६क्ष − ५य = ८ ……(२)

आता नुसत्या बेरजेने किंवा वजाबाकीने काहीच उडत नाही. म्हणून आधी सहगुणक जुळवून घ्यायचे. क्ष चा लोप करायचा ठरवला, तर ४ आणि ६ यांचा लसावि १२. (१) ला ३ ने आणि (२) ला २ ने गुणू:

१२क्ष + २७य = ९०
१२क्ष − १०य = १६

वजा केल्यावर ३७य = ७४, य = २. ही किंमत (१) मध्ये ठेवून ४क्ष + १८ = ३०, क्ष = ३.

त्याऐवजी य चा लोप केला असता तर? ९ आणि ५ यांचा लसावि ४५. (१) ला ५ ने, (२) ला ९ ने गुणून २०क्ष + ४५य = १५० आणि ५४क्ष − ४५य = ७२; बेरीज ७४क्ष = २२२, क्ष = ३. उत्तर तेच. पहिल्या वाटेत आकडे लहान होते पण वजाबाकी करावी लागली. दुसरीत आकडे मोठे झाले पण चिन्हं विरुद्ध असल्याने थेट बेरीज चालली. कोणतं चल उडवायचं याचा पक्का नियम नाही. मी आधी पाहतो की एखाद्या चलाचा सहगुणक १ किंवा −१ आहे का. नसेल तर एक सहगुणक दुसऱ्याच्या पटीत आहे का, उदाहरणार्थ ३ आणि १२. तेही नसेल तर ज्याचा लसावि लहान ते चल. हा विचार करण्यात गेलेला अर्धा मिनिट पुढे दुपटीने वसूल होतो.

गुणताना उजवी बाजू विसरू नका. १२क्ष + २७य = ३० असं लिहिलं गेलं, तर ते मूळ समीकरणच राहत नाही, आणि पुढची प्रत्येक पायरी बिनचूक असूनही उत्तर चुकतं.

मांडणी आधी, लोप नंतर

समीकरणं नेहमी नीटनेटकी येत नाहीत.

क्ष/२ + य/३ = ४
०.५य = ०.२क्ष + २.२

अशा वेळी लगेच लोपाकडे धावू नये. पहिल्याला ६ ने गुणलं की ३क्ष + २य = २४. दुसऱ्याला १० ने गुणलं की ५य = २क्ष + २२, आणि क्ष चं पद डावीकडे आणलं की −२क्ष + ५य = २२. आता क्ष खाली क्ष, य खाली य, बरोबर चिन्हाखाली बरोबर चिन्ह अशी मांडणी करा:

३क्ष + २य = २४
−२क्ष + ५य = २२

वरच्याला २ ने, खालच्याला ३ ने गुणून बेरीज केली की १९य = ११४, य = ६; मग ३क्ष = १२, क्ष = ४. एखादं चल एका समीकरणात नसेलच, तर तिथली जागा मोकळी सोडा किंवा ०य असं लिहा. पुढे तीन चलं आली की या सवयीची किंमत कळते.

चलं छेदात असतील तर मात्र सावध राहा:

२/क्ष + ३/य = २
८/क्ष − ९/य = १

इथे छेद काढण्यासाठी क्ष × य ने गुणलं, तर क्ष आणि य च्या गुणाकाराचं पद तयार होतं आणि समीकरण रेषीय राहत नाही. त्यापेक्षा १/क्ष = म आणि १/य = न मानू. मग २म + ३न = २ आणि ८म − ९न = १. पहिल्याला ३ ने गुणून बेरीज केली: १४म = ७, म = १/२; त्यावरून न = १/३. शेवटी म आणि न वरून मागे यायचं: क्ष = २, य = ३. ही शेवटची पायरी विसरून १/२ आणि १/३ हेच उत्तर म्हणून लिहिलं जातं, तेवढं सांभाळा.

उत्तर अपूर्णांकात आलं तर

३क्ष + ७य = ५ ……(१)
५क्ष − ४य = २ ……(२)

क्ष चा लोप केला: (१) ला ५ ने, (२) ला ३ ने गुणून १५क्ष + ३५य = २५ आणि १५क्ष − १२य = ६. वजाबाकी ४७य = १९, य = १९/४७. आता हा अपूर्णांक (१) मध्ये ठेवून क्ष काढता येईल, पण आकडेमोड किचकट होते. त्याऐवजी मूळ समीकरणांकडे परत जाऊन य चा लोप करावा: १२क्ष + २८य = २० आणि ३५क्ष − २८य = १४, बेरीज ४७क्ष = ३४, क्ष = ३४/४७.

दोन्हीकडे छेद ४७ च आला, हा योगायोग नाही. ३, ७, ५, −४ हे चार सहगुणक चौकोनात मांडून तिरपे गुणाकार वजा केले की ३ × (−४) − ५ × ७ = −४७ मिळतं. या संख्येला निश्चयक म्हणतात. गॅब्रिएल क्रेमर यांनी १७५० मध्ये प्रसिद्ध केलेला नियम याच संख्येवर चालतो, आणि तो म्हणजे लोप पद्धतच सूत्राच्या रूपात. सूत्र पाठ करण्याआधी ते लोपातून एकदा स्वतः काढून पाहावं, असं मी प्रत्येकाला सांगेन. निश्चयक शून्य आला तर काय, हा प्रश्न तिथेच आपोआप उभा राहतो. त्याकडे थोड्या वेळाने येऊ.

सहगुणक अदलाबदल झालेले असतील तर

नवव्या शतकातले गणिती महावीराचार्य यांच्या एका उदाहरणातल्या संख्या घेऊ:

९क्ष + ७य = १०७
७क्ष + ९य = १०१

लसावि ६३ घेऊन हे सुटेल, पण आधी नुसती बेरीज करून पाहा: १६क्ष + १६य = २०८, म्हणजे क्ष + य = १३. मग वजाबाकी: २क्ष − २य = ६, म्हणजे क्ष − य = ३. या दोन छोट्या समीकरणांवरून क्ष = ८, य = ५. बेरजेने कोणतंही चल उडालं नाही, तरी गणित हलकं झालं. लोप पद्धतीत बेरीज-वजाबाकीची मुभा चल उडवण्यापुरतीच नसते. समीकरणांना सोपं रूप देणारी प्रत्येक कृती कामाची.

आलेखावर काय घडतं

पहिल्या उदाहरणाकडे परत जाऊ. ४क्ष + ३य = २३ ही आलेखावर एक सरळ रेषा, ७क्ष − ३य = −१ ही दुसरी. दोन्ही (२, ५) या बिंदूत छेदतात. आपण बेरीज केली तेव्हा ११क्ष = २२, म्हणजे क्ष = २ ही रेषा मिळाली. ती उभी आहे आणि त्याच बिंदूतून जाते. (१) ला ७ ने आणि (२) ला ४ ने गुणून वजाबाकी केली, तर ३३य = १६५, म्हणजे य = ५; ही आडवी रेषा, तीही त्याच बिंदूतून.

(१) ला कोणत्याही संख्येने गुणा, (२) ला कोणत्याही संख्येने गुणा आणि बेरीज करा. दोन्ही संख्या एकदम शून्य नसतील, तर मिळणारी रेषा (२, ५) मधून जाणारच, कारण त्या बिंदूच्या किंमती दोन्ही समीकरणांना पटतात आणि म्हणून त्यांच्या बेरजेलाही पटतात. गुणक बदलत गेलो की रेषा त्या बिंदूभोवती फिरत राहते. लोप करायचा म्हणजे या फिरणाऱ्या रेषांमधून एक बरोबर उभी आणि एक बरोबर आडवी निवडायची. उभी रेषा क्ष सांगते, आडवी य सांगते.

दोन्ही चलं एकदम उडाली तर

२क्ष − ६य = १० ……(१)
−३क्ष + ९य = ४ ……(२)

(१) ला ३ ने, (२) ला २ ने गुणून बेरीज केली की डावीकडे काहीच उरत नाही: ० = ३८. हे अशक्य आहे. याचा अर्थ तुमची आकडेमोड चुकली असा नाही. दोन्ही अटी एकदम पाळणारी जोडीच अस्तित्वात नाही. आलेखावर या दोन समांतर रेषा आहेत.

आता (२) च्या जागी −३क्ष + ९य = −१५ असतं, तर तीच कृती करून ० = ० मिळालं असतं. दोन्ही समीकरणं एकाच रेषेची आहेत, आणि त्या रेषेवरचा प्रत्येक बिंदू उकल आहे. «अनंत उकली» एवढं लिहून थांबू नका, कारण कोणतीही जोडी चालते असं मुळीच नाही. य = त मानलं तर (१) वरून क्ष = ५ + ३त. म्हणजे (५, ०), (८, १), (२, −१) चालतात, पण (०, ०) चालत नाही.

या दोन्ही प्रकारांत निश्चयक २ × ९ − (−३) × (−६) = ० आहे. आणि ७य = ० आलं तर घाबरू नका; तिथे य = ० हे चांगलं सरळ उत्तर आहे.

शाब्दिक उदाहरण

२० टक्के आणि ५० टक्के तीव्रतेची आम्लाची द्रावणं मिसळून ३० टक्के तीव्रतेचं १२ लिटर द्रावण करायचं आहे. पहिलं क्ष लिटर, दुसरं य लिटर. एक समीकरण एकूण द्रावणाचं, क्ष + य = १२; दुसरं शुद्ध आम्लाचं, ०.२क्ष + ०.५य = ३.६, म्हणजेच २क्ष + ५य = ३६. पहिल्याची दुप्पट वजा केली की ३य = १२, य = ४, क्ष = ८. अशा गणितांत लोप अवघड नसतो. कोणत्या दोन वेगवेगळ्या राशी मोजल्या जात आहेत, हे ओळखणं अवघड असतं. तेच वाक्य दोनदा फिरवून समीकरण मांडलं, तर शेवटी ० = ० हाती येतं.

तीन चलं

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका चिनी गणितग्रंथात ही पद्धत पूर्ण विकसित रूपात दिसते. तिथे सहगुणक मोजणीच्या काड्यांनी स्तंभांत मांडत. त्या ग्रंथावर इ. स. २६३ मध्ये भाष्य लिहिणाऱ्या लिऊ हुई यांनी धन संख्यांसाठी लाल आणि ऋण संख्यांसाठी काळ्या काड्या सांगितल्या आहेत. त्या ग्रंथातलं एक उदाहरण आजच्या चिन्हांत असं:

३क्ष + २य + झ = ३९ ……(१)
२क्ष + ३य + झ = ३४ ……(२)
क्ष + २य + ३झ = २६ ……(३)

झ चा लोप सोपा दिसतो, कारण दोन ठिकाणी त्याचा सहगुणक १ आहे. (१) मधून (२) वजा करून

क्ष − य = ५ ……(४)

(१) ला ३ ने गुणून त्यातून (३) वजा करून

८क्ष + ४य = ९१ ……(५)

आता दोन चलांतली दोन समीकरणं उरली. (४) ला ४ ने गुणून (५) मध्ये मिळवलं की १२क्ष = १११, क्ष = ३७/४. मग य = ३७/४ − ५ = १७/४, आणि (१) वरून झ = ३९ − १११/४ − ३४/४ = ११/४.

इथे दोन गोष्टी पाळाव्याच लागतात. दोन्ही जोड्यांतून एकच चल उडवायचं. एका जोडीतून झ आणि दुसरीतून य उडवला, तर तीन चलं तशीच राहतात आणि आपण गोल फिरत बसतो. आणि तिन्ही समीकरणं वापरात आली पाहिजेत. (३) ला हातच लावला नाही, तर त्यातली अट उत्तरात कुठून येणार?

चार, दहा, हजार चलांसाठीही रीत हीच: एकेक चल उडवत खाली उतरायचं, शेवटचं चल काढायचं आणि किंमती ठेवत वर यायचं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कार्ल फ्रेडरिक गाऊस यांनी पॅलस या लघुग्रहाच्या कक्षेच्या गणितात ही कृती पद्धतशीर बसवली, म्हणून आज ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. संगणकही मुळात हेच करतो. चलांची संख्या दुप्पट झाली की काम सुमारे आठपट होतं.

संगणकाला मात्र एक गोष्ट जास्त पाहावी लागते. ०.०००१क्ष + य = १ आणि क्ष + य = २ ही समीकरणं घ्या, आणि प्रत्येक आकडा तीन सार्थ अंकांपर्यंतच (सुरुवातीची शून्यं सोडून पहिल्या तीन अंकांपर्यंत) ठेवता येतो असं धरा. पहिल्याला १०००० ने गुणून दुसऱ्यातून वजा केलं तर −९९९९य = −९९९८. तीन अंकांत दोन्ही बाजू −१०००० होतात, य = १ येतो, आणि पहिल्या समीकरणावरून क्ष = ०. खरं उत्तर क्ष सुमारे १.०००१ आहे! समीकरणांचा क्रम बदलून क्ष + य = २ वर घेतलं आणि त्याच्या आधारे क्ष उडवला, तर तीन अंकांतच क्ष = १, य = १ असं योग्य उत्तर मिळतं. म्हणून संगणक दर पायरीला, उडवायच्या चलाचा सहगुणक ज्यात चिन्ह न धरता सर्वांत मोठा आहे, ते समीकरण वर आणतो.

ताळा

उत्तर आलं की ताळा पाहा, पण योग्य समीकरणात. पहिल्या उदाहरणात क्ष = २ ही किंमत (१) मध्ये ठेवून आपण य काढला. त्यामुळे (२, ५) ही जोडी (१) मध्ये बसणारच. क्ष चुकला असता तरी बसली असती. खरी परीक्षा (२) मध्ये: ७ × २ − ३ × ५ = −१. बसली. तीन चलांत शेवटची किंमत (१) वरून काढली, म्हणून ताळा (२) आणि (३) मध्ये पाहायचा: ७४/४ + ५१/४ + ११/४ = १३६/४ = ३४, आणि ३७/४ + ३४/४ + ३३/४ = १०४/४ = २६. शाब्दिक उदाहरणात ताळा समीकरणात न पाहता मूळ मजकुरात पाहावा, कारण समीकरण मांडतानाच चूक झाली असेल तर ती तिथेच उघड होते.

सरावासाठी

१. ७क्ष + २य = २० आणि ५क्ष − ३य = १.
२. १७क्ष + २३य = २८ आणि २३क्ष + १७य = ५२. इथे लसावि काढू नका.
३. ४क्ष − १०य = ६ आणि −६क्ष + १५य = −९. उकलींचं पूर्ण वर्णन लिहा.

उत्तरं: पहिल्याचं (२, ३). दुसऱ्याचं (३, −१). तिसऱ्यात य = त मानल्यास क्ष = (३ + ५त)/२.